सीएनसी प्रोग्रॅमर : संगणक आणि लोखंड यांच्या मधला माणूस

दहावीच्या वर्गात जाऊन 'पुढे काय करणार?' असे विचारले, तर आपल्या शाळेतही बहुतेक हात कॉम्प्युटरसाठी वर होतील. त्यात नवल नाही. १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून हैदराबाद म्हणजे सॉफ्टवेअर हे समीकरण घराघरांत पक्के झाले. आपल्या मराठी समाजात पूर्वी वकील, शिक्षक, सरकारी नोकर असत. आता त्यांची नातवंडे माधापूर-गच्चीबावलीला जातात. मुलगा बालानगरला कारखान्यात आहे असे सांगितले, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि 'बरं, बरं' म्हणतो. त्या 'बरं, बरं' मध्ये बरेच काही असते.

हा लेख त्या बालानगरच्या एका कामाविषयी आहे. हे काम करणारा दिवसभर संगणकासमोर बसतो, पण त्याने लिहिलेला प्रोग्रॅम पडद्यावर चित्र उमटवत नाही. तो पोलाद, ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचा ठोकळा कापतो. या माणसाला सीएनसी प्रोग्रॅमर म्हणतात. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल, सोप्या शब्दांत आकड्यांवर चालणारे यंत्र.

आधी यंत्र समजून घेऊ. साध्या लेथवर कारागीर हाताने चाक फिरवून हत्यार पुढे-मागे करतो. किती फिरवायचे हे डायलवर पाहतो, आणि बाकीचे त्याच्या मनगटात असते. सीएनसी मशीनमध्ये ते चाक मोटर फिरवते आणि मोटरला आकडे सांगतात. तुम्ही आठवी-नववीत आलेखाच्या कागदावर बिंदू मांडता ना? अमुक एक्स, अमुक वाय. इथे त्यात झेड ही तिसरी दिशा येते, म्हणजे वर-खाली. हत्याराचे टोक कुठून कुठे, सरळ की वळणाने, किती वेगाने जायचे याच्या ओळी लिहायच्या. त्या ओळींचा क्रम म्हणजे प्रोग्रॅम. पाच अक्षांच्या मशीनमध्ये याशिवाय दोन दिशांनी फिरणेही असते, त्यामुळे हत्यार जॉबला तिरके भिडू शकते.

ही कल्पना जन्मली ती हेलिकॉप्टरच्या पात्यासाठी. अमेरिकेत मिशिगन राज्यातले जॉन पार्सन्स १९४० च्या दशकात पाती बनवीत. पात्याचा आकार ना सरळ, ना साधा गोल. त्या वळणावरच्या पुष्कळशा बिंदूंचे निर्देशांक पंच कार्डांच्या गणकयंत्रावर काढावेत आणि मशीन त्या बिंदूंवर नेऊन धातू कापावा, असे त्यांनी मांडले. पुढे एमआयटी या संस्थेने १९५२ साली आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन प्रत्यक्ष चालवून दाखवले. आज हैदराबादजवळ आदिबाटला येथे टाटा-बोइंगच्या कारखान्यात अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे तयार होतात. हा कारखाना २०१८ साली सुरू झाला. जे तंत्र हेलिकॉप्टरसाठी निघाले ते हेलिकॉप्टरच्याच निमित्ताने आपल्या रिंगरोडपर्यंत आले, याची मला गंमत वाटते.

पण हैदराबादचे लोखंडाशी नाते इतके नवे नाही. सिकंदराबादेत कवाडीगुड्याला १९४३ साली प्रागा टूल्स सुरू झाली. लेथचे चक आणि ग्राइंडिंग मशीन यांसाठी तिचे नाव देशभर होते. ती पुढे एचएमटीच्या कुटुंबात गेली. मग बीएचईएल, ईसीआयएल, डीआरडीएल, भारत डायनॅमिक्स, न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स, कंचनबागची मिधानी अशा सरकारी संस्था एकामागून एक आल्या. या मोठ्यांना लागणारे लहान-मोठे भाग करून देणारे कारखाने बालानगर, जीडीमेटला, चर्लापल्ली येथे वाढले. चांद्रयान-३ ला घेऊन १४ जुलै २०२३ रोजी जे एलव्हीएम-३ रॉकेट उडाले, त्याच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन 'विकास' इंजिने असतात. या इंजिनांचे काम बालानगरची एमटीएआर ही कंपनी वर्षानुवर्षे करत आली आहे, आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्येही ते होते. उड्डाणाच्या दिवशी दूरदर्शनवर नियंत्रण कक्ष दिसतो. ज्या शेडमध्ये ते धातू कापले गेले ती शेड दिसत नाही.

आता प्रोग्रॅमरच्या टेबलाशी येऊ. त्याच्यासमोर एक ड्रॉइंग येते. समजा, एका गोल चकतीवर ६० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतराने सहा भोके पाडायची आहेत. बोल्ट लावण्यासाठी अशी भोके सगळीकडे असतात. मोटारीच्या चाकाकडे पाहा. चकतीचा मध्य हा आपला शून्यबिंदू मानू. त्रिज्या ३०. पहिले भोक सरळ उजवीकडे, म्हणजे एक्स ३०, वाय ०. दुसरे ६० अंशांवर. त्याचा एक्स म्हणजे ३० गुणिले कोसाइन ६०, बरोबर १५. वाय म्हणजे ३० गुणिले साइन ६०, बरोबर २५.९८१. बाकीची चार चिन्हे बदलून मिळतात. दहावीच्या त्रिकोणमितीच्या पलीकडे यात काही नाही.

पण एक फरक आहे, आणि तो मुलांनी नीट लक्षात घ्यावा. परीक्षेत साइन ६० साठी कुणी ०.८७ घेतले तर उत्तर २६.१ येते आणि शिक्षक एखादा गुण कापून सोडून देतात. कारखान्यात ते भोक सुमारे ०.१२ मिलिमीटर बाजूला पडते. एवढ्या फरकाने पिन बसत नाही, आणि एकदा पडलेले भोक पुन्हा बुजवता येत नाही. नेमके काम म्हणजे काय, त्याचा हा अंदाज. अशा कारखान्यांत मोजमापाचे चलन मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस ढोबळमानाने सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, आणि ड्रॉइंगवर एखाद्या बेअरिंगच्या जागेला दहा-पंधरा मायक्रॉनचीच सूट दिलेली असते.

त्या भोकांचा प्रोग्रॅम कसा दिसतो? मशीनच्या पडद्यावर ही अक्षरे रोमन लिपीत असतात. इथे नागरीत देतो.

जी९० जी५४
एस८०० एम०३
जी०० एक्स३०.० वाय०.०
जी४३ एच०१ झेड५.० एम०८
जी०१ झेड-१२.० एफ८०
जी०० झेड५.०

पहिली ओळ सांगते की सगळी मापे ठरवलेल्या शून्यापासून धरायची, आणि ते शून्य जी५४ या नावाच्या कप्प्यात ठेवले आहे. दुसरी ओळ स्पिंडल मिनिटाला ८०० फेऱ्यांनी उजव्या बाजूने फिरवते. मग जी०० ने हत्यार भरधाव भोकाच्या वर जाते. पुढची ओळ ड्रिलची लांबी हिशेबात घेऊन त्याचे टोक जॉबच्या पाच मिलिमीटर वर आणते आणि कूलंट सुरू करते. जी०१ ने ते ठरावीक वेगाने धातूत उतरते, मिनिटाला ८० मिलिमीटर या गतीने. शेवटी पुन्हा वर. जी०० आणि जी०१ यांत फरक एका आकड्याचा. पण जी०१ च्या जागी जी०० पडले, तर ड्रिल पूर्ण वेगाने जॉबवर आदळेल. ड्रिल तुटणे हे त्यातल्या त्यात स्वस्तातले नुकसान. स्पिंडल दुखावला तर मशीन कित्येक दिवस बंद, आणि अशा मशीनची किंमत काही लाखांपासून काही कोटींपर्यंत असते.

टिंबाची गोष्ट तर आणखी मजेदार. पुष्कळशा कंट्रोलमध्ये, सेटिंग तसे असेल तर, 'एक्स१०.०' म्हणजे दहा मिलिमीटर, पण टिंब विसरून नुसते 'एक्स१०' लिहिले तर दहा मायक्रॉन! मराठीच्या बाई अनुस्वारासाठी गुण कापतात तेव्हा ज्यांना राग येतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मघाशी ८०० फेऱ्या लिहिल्या त्या मनाने नव्हेत. प्रत्येक धातू आणि प्रत्येक हत्यार यांच्या जोडीला एक मानवणारा कापण्याचा वेग असतो, तो मिनिटाला इतके मीटर असा देतात. साध्या हायस्पीड स्टीलच्या ड्रिलने मऊ पोलाद कापताना तो साधारण २५ धरू. त्याला १००० ने गुणायचे आणि पाय गुणिले ड्रिलचा व्यास याने भागायचे. ड्रिल १० मिलिमीटरचे असेल तर उत्तर ७९६ येते, म्हणून ८००. हेच काम कार्बाइडच्या हत्याराने ॲल्युमिनियमवर असेल तर वेग २५० धरून फेऱ्या जवळजवळ आठ हजारांवर जातात. टायटॅनियम आले की पुन्हा खाली यायचे, कारण हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही. सगळी धग हत्याराच्या टोकाशीच साचते आणि धार जळून जाते. टायटॅनियमची मिश्रणे आपल्याच शहरात मिधानीत तयार होतात. गणितातले 'वर्तुळाचा परीघ काढा' हे उदाहरण इथे रोज, दर हत्यारामागे, एकदा तरी करावे लागते.

आता कुणी म्हणेल, हे सगळे तर संगणक करतो. खरे आहे. वळणावळणाचे आकार असतील तर आज प्रोग्रॅम हाताने कुणी लिहीत नाही. ड्रॉइंगचे त्रिमित मॉडेल मास्टरकॅम किंवा एनएक्स अशा सॉफ्टवेअरमध्ये घेतात, हत्यार निवडतात, मार्ग ठरवतात आणि सॉफ्टवेअर हजारो ओळी लिहून देते. मग ते सगळे पडद्यावर चालवून पाहतात, हत्यार कुठे क्लॅम्पला तर धडकत नाही ना हे तपासतात. तर मग माणसाची गरज काय?

माझ्या मते खरे काम तिथेच सुरू होते, आणि वरवर पाहणाऱ्याला नेमके तेच दिसत नाही. जॉब पकडायचा कसा, आधी काय कापायचे आणि नंतर काय, आणि शून्य कुठे घ्यायचे, या तीन गोष्टींचा विचार प्रोग्रॅमरला करावा लागतो.

पकडण्याचेच पाहा. विमानाचे कितीतरी भाग ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरून काढतात. काही भागांत ठोकळ्याचा नव्वद टक्क्यांपर्यंत धातू कीस होऊन बाहेर पडतो आणि उरते ती दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतींची हलकी चौकट. सुरुवातीला व्हाइसमध्ये घट्ट आवळलेला तो ठोकळा भक्कम असतो. शेवटी त्याच आवळण्याने पातळ भिंती आत दबतात. हत्यार दबलेली भिंत सरळ कापते. व्हाइस सोडला की भिंत परत फुगते आणि माप चुकते. मशीनवर असताना बरोबर, टेबलावर ठेवल्यावर चूक! शिवाय धातूच्या पोटात ताण साठलेला असतो. एका बाजूने सगळा धातू काढला की उरलेली पट्टी उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी कडा उचलते. म्हणून जाणता प्रोग्रॅमर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा धातू काढतो, मापाहून मिलिमीटरभर जास्त ठेवतो, जॉब सोडतो, त्याला वाकायचे तेवढे वाकू देतो, मग हलक्या हाताने पुन्हा पकडून शेवटचा काप घेतो. कोणतेही सॉफ्टवेअर हे आपणहून सांगत नाही. ते सांगतो पंधरा-वीस वर्षे मशीनजवळ उभा राहिलेला सेटर. आणि तो सांगतो तेलुगूत, नाही तर आपल्या दख्खनी हिंदीत. वातानुकूलित खोलीतून खाली उतरून त्याच्याशी बोलायची ज्याला लाज वाटते, तो या धंद्यात फार पुढे जात नाही.

शून्याची गोष्टही तशीच. मशीनला जॉब दिसत नाही. टेबलावर ठोकळा कुठे ठेवला आहे, त्याचा कोपरा कुठे, हे माणसाने मोजून मशीनला सांगायचे. याला कारखान्यात 'झिरो घेणे' म्हणतात. प्रोग्रॅम अगदी निर्दोष असला आणि झिरो अर्धा मिलिमीटर चुकला, तर सगळे काप निर्दोषपणे अर्धा मिलिमीटर चुकीच्या जागी पडतात. झिरो शक्यतो अशा पृष्ठावरून घ्यावा की ज्यावरून ड्रॉइंग काढणाऱ्याने मापे दिली आहेत. म्हणजे भाग पुढे कुठे बसणार, कशाला टेकणार, हे प्रोग्रॅमरला वाचता आले पाहिजे. ड्रॉइंग वाचणे याचा अर्थ त्यातले आकडे वाचणे एवढाच नाही.

हत्यारालाही जाडी असते, हे विद्यार्थ्यांना सहसा सुचत नाही. ५० मिलिमीटर बाजूचा चौरस १० मिलिमीटर व्यासाच्या एंडमिलने बाहेरून कापायचा असेल, तर हत्याराचा मध्य ६० मिलिमीटर बाजूच्या चौरसावरून फिरला पाहिजे. मशीनला जी४१ किंवा जी४२ सांगितले की ती जाडी ते स्वतः धरते. त्याचा मोठा फायदा असा की हत्यार झिजले आणि माप दोन शतांशांनी वाढले, तर प्रोग्रॅमला हात न लावता फक्त त्या हत्याराच्या नोंदीतला आकडा बदलायचा.

आणि हैदराबादचा उन्हाळा! जगभर नेमकी मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरतात, कारण धातू गरम झाला की वाढतो. ॲल्युमिनियमची एक मीटर पट्टी दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते. म्हणजे मे महिन्यात ३५ अंश तापलेल्या शेडमध्ये ३०० मिलिमीटरचा भाग शंभराहून अधिक मायक्रॉनने लांब झालेला असतो. तिथे मोजून 'बरोबर आहे' म्हटले आणि तो गार खोलीत नेला, तर तो आखूड भरेल. म्हणून तपासणीची खोली थंड असते आणि भाग तिथे काही तास नुसता पडून राहू देतात. कारखान्यातला एसी हा साहेबांसाठी असतो हा गैरसमज यामुळे दूर व्हावा.

पहिला नग निघायचा दिवस सगळ्यांच्या छातीत धडधड करणारा. प्रोग्रॅम आधी जॉबशिवाय हवेत चालवतात. मग एकेक ओळ करून, वेग अगदी कमी ठेवून, ऑपरेटरचे बोट थांबवण्याच्या बटणावर. हत्यार जॉबजवळ येत जाते आणि पडद्यावर 'अजून किती अंतर राहिले' हा आकडा उतरत जातो. डोळ्यांना दिसणारे अंतर आणि तो आकडा जुळत नसेल तर बटण दाबायचे, मागाहून विचार करायचा. पहिला नग तपासून 'ओके' आला की पुढचे शेकडो नग निघतात. प्रोग्रॅमरचे नाव त्यांपैकी कशावरही नसते.

पालकांसाठी आता दोन-चार गोष्टी स्पष्ट लिहितो, कारण नुसते कौतुक करून मुलांना पाठवणे योग्य नाही. या कामात सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या मानाने कमी असतो, आणि पहिली काही वर्षे तो फरक बोचतो. शिफ्ट असतात. उभे राहावे लागते. कूलंटचा वास कपड्यांना येतो, काहींच्या हातांची त्वचा त्याने फुटते. लहान वर्कशॉपमध्ये ऑर्डर आली तर रात्रंदिवस काम, नाही तर शुकशुकाट. पाच अक्षांची मशीन, विमानाचे भाग, अवघड धातू यांचा अनुभव गाठीशी आला की चित्र बदलते. अशा माणसांना मागणी असते आणि ती पुण्यात, बंगळुरूत, परदेशातही चालते.

पण सर्वांत मोठा धोका पगाराचा नाही. 'सीएनसी' असे नाव असलेल्या नोकरीत दोन अगदी वेगळी कामे येतात. एक, जॉब लावायचा, हिरवे बटण दाबायचे, जॉब काढायचा. दुसरे, वर वर्णन केलेले. पहिल्या कामात मुलगा पाच वर्षे राहिला तर पाच वर्षांनी त्याला तेवढेच येते. त्याच्या शेजारी तसलाच मुलगा दुपारच्या सुट्टीत सेटरला विचारून विचारून ऑफसेट कसा भरायचा, झिरो कसा घ्यायचा, हे शिकतो आणि तीन वर्षांत प्रोग्रॅमिंगच्या टेबलावर येतो. नोकरी घेताना 'मला सेटिंग शिकायला मिळेल का?' हा प्रश्न पगाराच्या आधी विचारावा.

शिकायचे कुठे? आपल्या सुदैवाने देशातील नावाजलेली संस्था इथेच आहे. बालानगरची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन, म्हणजे सीआयटीडी, १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने भारत सरकारने सुरू केली. तिथे दहावीनंतर टूल, डाय आणि मोल्ड मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. पदवीधरांसाठी वरचे अभ्यासक्रम आणि नोकरी करणाऱ्यांसाठी लहान अभ्यासक्रमही असतात. आयटीआयमध्ये मशिनिस्ट आणि टर्नर हे ट्रेड आहेत. पॉलिसेटमधून मेकॅनिकल डिप्लोमाला जाता येते. आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक मराठवाड्यात आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे इंडो-जर्मन टूल रूम ही याच जातीची संस्था आहे, आणि मामा-मावशीकडे राहून शिकणे हा आपल्याकडे जुनाच मार्ग आहे. प्रवेशाच्या तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेतच जाऊन पाहाव्यात.

गल्लोगल्ली 'तीन महिन्यांत सीएनसी प्रोग्रॅमर' अशा पाट्याही दिसतात. पैसे भरण्याआधी आत जाऊन पाहावे. चालू मशीन आहे का? एका मशीनवर किती मुले? आपला मुलगा स्वतःच्या हाताने किती नग कापणार? फक्त संगणकावर सॉफ्टवेअर शिकवत असतील तर ते पोहण्याचे पुस्तक वाचण्यासारखे आहे.

मुलींविषयी वेगळे लिहायला नको खरे तर, पण पालकच विचारतात म्हणून. प्रोग्रॅमिंग, सिम्युलेशन आणि तपासणी या कामांत जड उचलण्याचा प्रश्नच येत नाही, आणि जड जॉब पुरुषही क्रेननेच उचलतात. प्रश्न असतो तो रात्रपाळीचा, बसचा आणि स्वच्छतागृहाचा. तो त्या कारखान्याला विचारावा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरा कारखाना पाहावा. मुलीची आवड बदलायचे ते कारण नव्हे.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती आहे. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो, तो बहुधा राहिलेला अभ्यासक्रम पुरा करण्यात जातो. प्रयोगशाळेत चांगले व्हर्निअर कॅलिपर आणि मायक्रोमीटर प्रत्येकी दहा-बारा आणले, आणि आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने एकच बोल्ट दहा वेळा मोजून दहा मापे फळ्यावर लिहिली, तरी पुष्कळ होईल. दहाही मापे सारखी येत नाहीत हे पाहून मुलांना बसणारा धक्का फार उपयोगी असतो. चित्रकलेच्या तासाला साबणाची डबी समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते हे मापाने काढून घ्यावे. आणि वर्षातून एकदा सहल सालारजंग आणि गोळकोंड्याऐवजी सीआयटीडी पाहायला न्यावी, अर्थात आधी परवानगी घेऊन. मेट्रोने बालानगर स्टेशनला उतरता येते, बसचाही खर्च वाचेल.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक काम. १२० मिलिमीटर बाजूची चौरस पट्टी आहे. तिच्या मध्याभोवती ८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतराने आठ भोके पाडायची आहेत, पहिले सरळ उजवीकडे. पण झिरो मध्यावर घ्यायचा नाही, पट्टीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर घ्यायचा. आठही भोकांचे एक्स आणि वाय तीन दशांश स्थळांपर्यंत काढा. मग तीच भोके जाड पुठ्ठ्यावर आखून, कंपासने टोचून, शेजारशेजारच्या भोकांतली आठही अंतरे पट्टीने मोजा. ती ३०.६ मिलिमीटरच्या आसपास सारखी आली पाहिजेत. उत्तरे आणि पुठ्ठा दोन्ही गणिताच्या सरांकडे द्या. नुसती उत्तरे नकोत.